उरल्यातील धूळ आणि मोटारींचे घरगुती फेरबदल

रायपूरनजीकच्या उरला औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्न व पोलादाचे कारखाने असून तेथील धुळीचा प्रश्न जुना आहे. अशा परिसरात अधिक हवेसाठी मोटारीचा मूळ एअर फिल्टर काढून घरच्या घरी खुला फिल्टर बसविणे महागात पडू शकते.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा वाढली की शक्ती वाढते, हे तत्त्व खरे आहे. मात्र बॉनेटखालील खुला फिल्टर इंजिनालगतची तापलेली, म्हणजेच विरळ हवा ओढतो. त्याच्या विरळ जाळीतून शिरणारी धूळ पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजविते.

उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

त्यामुळे मूळ फिल्टर वेळेवर बदलणे, हाच वाहनधारकांसाठी स्वस्त व सुरक्षित मार्ग होय. धुराड्यांवरील धूळरोधक यंत्रे अखंड चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र कारखान्यांची आहे. फिल्टर इंजिनापुरता असतो; रहिवाशांना तीच हवा थेट घ्यावी लागते.