फित्रा लेकरांच्या हातून

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की बाजार रात्री उशिरापर्यंत जागा असतो. तरावीहची नमाज झाली की कपडे, चपला, बांगड्या, शेवया आणि सुकामेवा घ्यायला झुंबड उडते. याच दिवसांत घरोघरी फित्र्याचा हिशेब होतो. घरात माणसे किती, ते मोजायचे आणि प्रत्येकामागे साधारण पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरजूला द्यायची. या हिशेबात मुलेही धरली जातात. ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या तान्ह्या बाळाचाही फित्रा वडील देतात.

म्हणजे अंगावर पिणारे बाळसुद्धा दात्यांच्या रांगेत असते. पण तेच मूल दहा-बारा वर्षांचे झाले, तरी आपल्या नावाचे धान्य कोणाच्या घरी गेले हे त्याला ठाऊक नसते. वडील पैसे कुणाच्या तरी हाती सोपवून मोकळे होतात. मुलाच्या वाट्याला येतात ते नवे कपडे आणि ईदी.

फित्रा ईदची नमाज होण्याआधी द्यायचा असतो, कारण त्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. लहानग्याचा सदरा किंवा शिरखुर्म्याचे दूध ईद उलटल्यावर मिळून काय उपयोग? म्हणून गरजू घर आधीच शोधावे लागते. हे काम कुटुंबाने मिळून केले, तर मुलांना त्यातून पुष्कळ कळते.

सध्या रमजान ऊसतोडीच्या हंगामाच्या अखेरीस येतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांच्या कोप्या कारखान्यांच्या परिसरात असतात. आईबापांबरोबर आलेल्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटलेली असते. जकात आणि फित्रा कोणाला द्यायचा याचे नियम आहेत. ऐच्छिक सदका मात्र कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. वह्या, चपला, खजूर घेऊन आईवडिलांनी मुलांसह तिथे जावे. तासभर बसावे, एखादा धडा सोबत वाचावा. शेजाऱ्यांनाही बरोबर घ्यावे. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला आली होती. असा योग असेल तेव्हा एका घरातून साखरगाठी आणि दुसऱ्या घरातून शेवया न्यायला काय हरकत आहे?

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. घेणाऱ्या मुलाचा फोटो काढू नये. उपकार बोलून दाखवले, मन दुखावले, तर दान वाया जाते, अशी कुरआनची स्पष्ट ताकीद आहे. पाकीट हातात धरून मोबाइलसमोर उभे केलेले पोर ते पाकीट विसरेल. सगळ्यांदेखत आपण घेणारे ठरलो, हे विसरणार नाही. उद्या तोच फोटो त्याच्या वर्गातल्या मुलांनीही पाहिलेला असतो.

प्रेषित मुहंमद (स.) स्वतः अनाथ होते. जन्माआधीच वडील गेले आणि सहाव्या वर्षी आई. अनाथावर जोर करू नका आणि मागणाऱ्याला झिडकारू नका, ही शिकवण अशा बालपणातून आलेल्या माणसाने जगापुढे ठेवली.

ईदच्या सकाळी नवे कपडे घालून ईदगाहकडे निघालेल्या मुलाला वाटेत ओळखीचे एक पोर भेटावे आणि दोघांनी बरोबरीने हसावे. घेतले कोणी आणि दिले कोणी, हे बघणाऱ्याला कळू नये. फित्रा खऱ्या अर्थाने पोहोचला, असे तेव्हा म्हणता येईल.