उंबरठ्यावरचं कुत्रं

भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्यांची पिल्लं दोन महिन्यांनी, थंडीच्या तोंडावर जन्मतात. शहागंजात बंद दुकानांच्या पायऱ्यांवर ती कुडकुडत पडतात. कुणी गोणपाट टाकलं की आवाज येतो, "नापाक आहे, हाकला!"

हनफी मसल्यात नापाक आहे ती लाळ. भांडं तीन वेळा धुवा, कोण अडवतंय? पण लाथ मारायची परवानगी कुठल्या हदीसमध्ये आहे? बुखारीत तर तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केलंय. सूरह कहफमधलं कुत्रं गुहेच्या उंबरठ्यावरच पाय पसरून आहे.

घरात नका घेऊ. दाराबाहेर कोरडं गोणपाट टाका, पाणी ठेवा, गाडी काढण्याआधी खाली वाकून बघा. एवढ्यानं कुणाचा वुजू तुटत नाही.