आधी वाट, मग तिकीट

नोव्हेंबर १९८७. लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकातल्या आगीत ३१ माणसे गेली. भाजलेल्या प्रवाशाला घेऊन निघालेले पोलीस कुलूपबंद जाळीच्या दारापाशी अडकले होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या बीकेसी मेट्रो स्थानकाच्या प्रवेशद्वारापाशी आग लागली. सुदैवाने जीव वाचले. पण सुदैव ही काही व्यवस्था नव्हे!

तिकीट तपासणाऱ्या यांत्रिक फाटकांपाशी माझा एकच प्रश्न आहे : वीज गेली, धूर भरला, तर ही फाटके आपोआप उघडतील का? ‘उघडतील’ असे कागदावर लिहून भागणार नाही. दर महिन्याला प्रवाशांसमोर उघडून दाखवा. बाजूच्या दाराची किल्ली कुणाकडे असते, तेही सांगा. बुडालेले भाडे उद्या वसूल होईल. गुदमरलेला माणूस परत येणार नाही.