पाणी आले, वल्हे कधी येणार?

नौकानयन म्हटले की पुण्या-मुंबईचे क्लब, पांढरे सदरे आणि वार्षिक वर्गणी यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्यामुळे नवापूर तालुक्यात लहानथोर सर्वांना वल्हवण्याचे शिक्षण मिळावे, असे कोणी म्हटले, तर ती चैनीची मागणी वाटण्याचा संभव आहे. या जिल्ह्याचा भूगोल मात्र वेगळेच सांगतो.

1972 मध्ये तापीवरील उकाई धरण पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी नवापूर तालुक्यात शिरले. उत्तरेस सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावे सापडली. शेतीवर जगणाऱ्यांच्या दारात जलाशय आला आणि होडी ही अनेकांची नित्याची गरज बनली. पाण्याबरोबर पाण्याचे शिक्षण मात्र आले नाही. 2019 च्या मकरसंक्रांतीस अक्राणी तालुक्यात नर्मदेत भाविकांची होडी उलटली आणि काहींना प्राणास मुकावे लागले. अशा घटनांनंतर हळहळ व्यक्त होते, चौकशी होते. पण होडीत किती माणसे बसवावीत, तोल कसा सांभाळावा, जीवरक्षक जाकीट कसे बांधावे, हे शाळेत कोणी शिकवीत नाही.

धरणाच्या लाभ-व्ययाचा हिशेब मांडताना सिंचन आणि वीज मोजली जाते. उकाईच्या सिंचनाचा लाभ प्रामुख्याने दक्षिण गुजरातला मिळाला. काठावरच्या माणसाच्या वाट्याला मासेमारी आली, आणि धोकाही आला. जलाशय हे सार्वजनिक भांडवल असेल, तर त्याचा काही परतावा त्याच्या मुलाबाळांना मिळणे न्याय्य नव्हे काय?

वल्हवण्याचा व्यायाम फक्त धडधाकट तरुणांसाठी आहे, हाही गैरसमजच. शरीराचा भार आसनावर राहत असल्याने गुडघ्यांवर धावण्यासारखे आघात होत नाहीत; म्हणून बेताने केल्यास तो उतारवयातही झेपतो. 2008 च्या बीजिंग पॅरालिम्पिकपासून अपंगांचे नौकानयन तेथे आहे. कोणी केवळ खांद्या-हातांच्या बळावर, कोणी धडाच्याही साहाय्याने, तर कोणी पायांचाही उपयोग करून वल्हवतो, आणि त्यानुसार स्पर्धेचे गट पाडले जातात. मध्य प्रदेशच्या प्राची यादव हिने भोपाळच्या तलावात सराव करून टोकियो पॅरालिम्पिकमध्ये कनू प्रकारात अंतिम फेरी गाठली आणि पुढे 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. नाशिक जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवण्यास शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तेराव्या क्रमांकावर आला. जेथे पाण्याचीच वानवा, तेथून हे घडते. मग जलाशयाकाठच्या मुलांनी काय करू नये?

कुपोषणाशी झगडणाऱ्या जिल्ह्यात हा खर्च कशाला, असा आक्षेप निघेल. तो रास्त आहे, आणि म्हणूनच शर्यतीच्या महागड्या नौकांची मागणी येथे केलेली नाही. सुरक्षित उथळ पाण्याची एक जागा, रुंद बुडाच्या काही स्थिर होड्या, प्रत्येकाला जाकीट आणि प्रशिक्षित देखरेख एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. एकच होडी दिवसभरात अनेक मुलांच्या उपयोगी पडते. पाण्याची नस ओळखणाऱ्या स्थानिक मच्छीमारांना मानधन देऊन शिक्षक नेमता येईल. पावसाळा ओसरल्यावर, पाणी स्थिर असताना आश्रमशाळांतील मुलामुलींचे वर्ग घ्यावेत. सुट्टीच्या दिवशी प्रौढ व अपंग यांना वेळ राखून ठेवावा.

जिल्हा नियोजन समिती आणि आदिवासी विकास विभाग यांनी एका हंगामापुरता हा प्रयोग करून पाहावा. त्यातून पदके मिळतील की नाही, हे काळ ठरवील. तूर्त काठावरच्या प्रत्येक मुलाला होडीत निर्भयपणे बसता यावे आणि सुखरूप उतरता यावे, एवढे जरी साधले तरी तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.