हिरवा दिवा कोणासाठी?

परवा सायंकाळी विवेकवर्धिनीतील एक कार्यक्रम आटोपून आम्ही जामबागेतून कोठीच्या दिशेने निघालो. समवेत गुडघेदुखीने जेरीस आलेल्या एक वृद्ध मावशी होत्या. चौकात रस्ता ओलांडताना आम्ही मध्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच दिवा बदलला आणि भोंग्यांचा एकच कल्लोळ उठला. दुभाजकाचा आधार घेत मावशी म्हणाल्या, "अरे, हा दिवा पळणाऱ्यांसाठीच लावलाय का?"

प्रश्न साधा, पण विचार करावयास लावणारा. जुना सिग्नल घड्याळाचा ताबेदार. रस्ता ओस असो वा तुडुंब, तो ठरलेले सेकंद मोजणार. नव्या सिग्नलाची रीत निराळी. रस्त्याखाली पुरलेली तारांची वेटोळी किंवा खांबांवरील कॅमेरे वाहनांचा अदमास घेतात आणि संगणक त्यानुसार हिरव्या दिव्याचा काळ वाढवितो वा घटवितो. एका चौकातून सुटलेली वाहने पुढच्या चौकात अडू नयेत, असा मेळही तो घालतो. सिडनीतील 'स्कॅट्स' आणि ब्रिटनमधील 'स्कूट' या पद्धती १९७० च्या दशकात आकारास आल्या. आपल्याकडे रिक्षा, बस, दुचाकी आणि हातगाडी एकाच प्रवाहात चालतात; हे ध्यानी घेऊन तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकने 'कोसिकॉस्ट' ही पद्धती रचली.

या यंत्रांचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु यंत्र जे मोजते तेच जाणते. कडेला ताटकळणारी माणसे मोजण्याची सोय केलेली नसेल, तर त्याच्या लेखी ती नाहीतच. त्यांचा आधार एकच : माणसाने आधी ठरवून दिलेला किमान काळ.

हा काळ चालण्याच्या वेगावरून काढतात. पुष्कळ ठिकाणी हा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १८ मीटर रुंदीचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडला पाहिजे. मावशींसारखे कोणी सेकंदाला ०.९ मीटर चालले, तर २० सेकंद लागतात. उरलेले ५ सेकंद त्यांनी कोणाच्या भरवशावर काढावेत?

अमेरिकेच्या नियमावलीने २००९ साली हा वेग १.२ वरून सुमारे १.०७ मीटरवर आणला. त्याच वर्षी सिंगापुरात अशी सोय झाली की, ज्येष्ठांनी आपले कार्ड खांबावरील यंत्रास लावताच, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद अधिक मिळावेत. म्हणजे यंत्रास माणुसकी शिकविता येते. शिकविणारा मात्र हवा.

आमच्या मंडळांतील तरुणांना एक विनंती आहे. एखाद्या सायंकाळी घड्याळ घेऊन आपल्या चौकात उभे राहावे, घरातील आजी-आजोबांना रस्ता ओलांडावयास किती सेकंद लागतात ते टिपून घ्यावे आणि तो आकडा वाहतूक पोलिसांना लेखी कळवावा. तक्रारीपेक्षा मोजमापाला वजन अधिक असते. आणि मागणे तरी केवढे? अवघ्या ५ सेकंदांचे!