घाटाखालचें बंदर आणि घाटावरचा शेतकरी

गगनबावड्याच्या माथ्यावर उभें राहिलें आणि आभाळ स्वच्छ असलें, तर कोंकणपट्टी पायाखालीं पसरलेली दिसते. समुद्र तेथून फार लांब नाहीं. कोल्हापुराहून रत्नागिरी रस्त्यानें सुमारें 130 किलोमीटर, विजयदुर्ग त्याहून थोडें अधिक. पण आमच्या शेतकऱ्याची साखर, इचलकरंजीच्या मागावरचें कापड किंवा शिरोलीच्या भट्टींतलें ओतकाम परदेशीं जावयाचें असेल, तर तें या जवळच्या समुद्राकडे जात नाहीं. तें मोटारींत चढतें आणि पुण्यावरून सुमारें 400 किलोमीटर तुडवीत न्हावा-शेव्यास जातें. दारांत विहीर असतां शेजारच्या गांवीं घागर घेऊन जावें, त्यांतला हा प्रकार आहे.

हा वळसा कोणाच्या खिशांतून भागतो, हें आमच्या बंधूंनीं एकदां नीट समजून घ्यावें. व्यापारी भाव ठरवितो तो शेतापासून नव्हे, बंदरापासून. बंदरावर काय मिळणार हें तो आधीं पाहतो. मग त्यांतून मोटारभाडें, डिझेल, टोल, हमाली, अडत आणि आपला नफा एकामागून एक वजा करीत मागें येतो. शेवटीं जें उरतें, तें शेतकऱ्याच्या पदरांत पडतें. समजा, बंदरावर मालास 100 रुपये मिळाले आणि वाहतुकींत 10 गेले, तर ते 10 व्यापाऱ्याचे गेले नाहींत, अडत्याचेहि गेले नाहींत. ते उसाच्या बांधावरून गेले. उलट जो माल बाहेरून आंत येतो, भट्टीचा कोक म्हणा किंवा भंगार लोखंड म्हणा, त्यावर हेंच भाडें चढतें, आणि तें लोहार-सुताराच्या, ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या माथीं बसतें. जातांना वजा आणि येतांना अधिक, असा हा दुहेरी कर आहे. तो कोणत्याहि कायद्यानें बसविलेला नाहीं, म्हणून त्याविरुद्ध कोणी ओरडतहि नाहीं.

हा वळसा देवानें घातलेला नाहीं. आगगाडी येण्यापूर्वीं देशावरचा माल बैलांच्या पाठीवर, आणि मागाहून गाड्यांनीं, घाट उतरत असे. फोंडा, आंबोली, आंबा, कुंभार्ली या घाटांनीं खालीं गेलेला माल राजापूर, खारेपाटण, मालवण, वेंगुर्लें येथें गलबतांत चढे. आमचे आजोबा सांगत, कीं त्यांच्या वडिलांच्या गाड्या गूळ आणि मिरची घेऊन खालीं जात, आणि येतांना मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन वर येत. रिकामी खेप म्हणजे बैलांना फुकटचा त्रास, हें त्या निरक्षर गाडीवानास कळत होतें. आजच्या मालवाहतुकीचें सारें शास्त्र त्या एका वाक्यांत आहे.

पुढें लोहमार्ग आले. इंग्रजांनीं 1878 सालीं पोर्तुगिजांशीं तह केला; त्यांतून मुरगांव बंदर बांधलें गेलें आणि तेथून निघालेला रूळ 1888 च्या सुमारास कॅसलरॉकपाशीं सदर्न मराठा रेल्वेस मिळाला. त्याच 1888 सालीं कोल्हापूर-मिरज मार्गाच्या कामाची पहिली कुदळ शाहू छत्रपतींच्या हातून पडली. राज्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं येण्यास तेव्हां अजून कांहीं वर्षें होतीं. 1891 सालीं गाडी चालूं लागली. तो मार्ग करवीर संस्थानानें बांधला. 1895 सालीं स्टेशनाशेजारीं शाहुपुरी पेठ वसली आणि गुळाचा बाजार तेथें नांवारूपास आला. नुसता रूळ टाकून महाराज थांबले नाहींत. रुळाच्या तोंडाशीं त्यांनीं रयतेसाठीं पेठ आणून बसविली. ही गोष्ट आम्ही पुढें पुन्हां काढणार आहों.

त्या काळचे हे सारे रूळ अरुंद मापाचे, म्हणजे मीटर गेजचे होते. कोल्हापुराहून निघालेली वाघीण मिरज, बेळगांव, लोंढा करीत थेट मुरगांवच्या धक्क्यापर्यंत जाऊं शके. मुंबईस जावयाचें तर मात्र पुण्यास सारा माल उतरून रुंद मापाच्या गाडींत भरावा लागे. म्हणजे समुद्राकडे उघडलेलें एक दार आमच्या भागास होतें. 1955 सालीं गोव्याच्या मुक्तीच्या लढ्यांत हिंदुस्थान सरकारनें तिकडची वाहतूक बंद केली आणि तें दार मिटलें. तो निर्णय योग्यच होता. स्वातंत्र्याची किंमत सर्वांनाच द्यावी लागते. 1961 सालीं गोवा मुक्त झाला. पण 1971 सालीं पुणें-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला आणि मिरजेखालचा अरुंदच राहिला. आतां मुंबईचा रस्ता मोकळा झाला आणि मुरगांवच्या रस्त्यावर मिरजेस माल उतरण्याची पाळी आली. व्यापाराचें तोंड उत्तरेकडे वळलें तें कायमचें. 1990 नंतरच्या दशकांत खालचाहि मार्ग रुंद झाला, पण तोंवर पेठा, अडते, मोटारवाले सर्वांचे संसार मुंबईच्या वाटेवर थाटले गेले होते. आज त्या घाटाच्या मार्गानें प्रामुख्यानें काय जातें? परदेशचा कोळसा बल्लारीकडच्या पोलादाच्या कारखान्यांकडे वर चढतो. शेतकऱ्याच्या मालास तेथें कोणी वाली नाहीं.

आतां नव्या मार्गाविषयीं. कोल्हापूर ते वैभववाडी असा सुमारें 107 किलोमीटरचा लोहमार्ग 2016 सालच्या रेल्वे अर्थसंकल्पांत घेतला गेला. खर्च 3,000 कोटींहून अधिक धरला होता. सुरेश प्रभु त्या वेळीं रेल्वेमंत्री होते, ते कोंकणचेच. तेव्हांपासून मोजण्या झाल्या, बैठका झाल्या, निवडणुकांच्या सभांतून टाळ्या झाल्या. पण त्या मार्गावरून आजवर एकहि वाघीण गेलेली नाहीं. कराड-चिपळूण मार्गाचीहि हीच कथा. इकडे 2024 सालीं करूळ घाट रस्त्याच्या कामासाठीं महिनोन्महिने बंद राहिला, तेव्हां गगनबावड्याच्या बाजूनें कोंकणांत उतरणाऱ्या मालास आडवाटा धराव्या लागल्या. एक घाट बंद पडला कीं एका मुलुखाची नाडी आखडते, मग दुसरी वाट नको काय?

कोणी म्हणेल, सह्याद्रि फोडून रूळ नेणें परवडणार नाहीं. त्यास उत्तर कोंकण रेल्वेचें. 1990 सालीं मंडळ स्थापन झालें, 1998 सालीं 741 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. त्यांत नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. ज्या देशांत हें काम आठ वर्षांत झालें, तेथें 107 किलोमीटरचें काम आठ वर्षांत सुरूहि होत नसेल, तर अडचण डोंगराची नव्हे, इच्छेची आहे.

परंतु आम्ही वाचकांस गोड बोलून फसवूं इच्छीत नाहीं. रूळ पडला कीं सोन्याचा धूर निघेल, असें जे सांगतात ते मतांचे गिऱ्हाईक आहेत. तीन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या कडू आहेत.

पहिली ही, कीं वैभववाडी म्हणजे समुद्र नव्हे. तेथून विजयदुर्ग आणखी सुमारें साठ किलोमीटर आहे. थोड्या अंतरासाठीं मोटारींतून वाघिणींत आणि वाघिणींतून पुन्हां मोटारींत माल चढवावा लागला, तर वांचलेलें भाडें हमालींतच जातें. जयगडचें बंदर 2009 पासून चालू आहे, पाणी खोल आहे, पण त्याच्या धक्क्यापर्यंत रूळ गेलेला नाहीं. ज्या धक्क्यावर रूळ नाहीं आणि ज्या रुळास धक्का नाहीं, तीं दोन्हीं अर्धीं कामें आहेत. मार्ग मागावयाचा तर पेठेपासून जहाजापर्यंत अखंड मागावा.

दुसरी ही, कीं आज रेल्वेला लहान गिऱ्हाईक नको आहे. पूर्वीं शेतकरी चार पोतीं घेऊन स्टेशनावर जाई, पावती घेई, आणि माल पोंचे. तो किरकोळ मालाचा व्यवहार रेल्वेनें केव्हांच बंद केला. आतां चाळीस-चाळीस वाघिणींची सबंध गाडी भरील त्याचा मान आहे. सबंध गाडी कोण भरतो? कोळशाचा, सिमेंटाचा, पोलादाचा धनी. आमच्या दोन एकरवाल्यानें काय भरावें? 7 ऑगस्ट 1920 नव्हे, 2020 सालीं, म्हणजे रेल्वे येऊन पावणेदोनशें वर्षें होत आल्यावर, देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल निघाली. भाड्यांत निम्मी सूट होती, थोडाहि माल घेत होते. सांगोल्याचीं डाळिंबें बंगालपर्यंत गेलीं. पुढें सूट आटली आणि गाड्याहि आटल्या. लहान माणसास सोय दिली तर तो ती वापरतो, इतकें मात्र त्यांतून सिद्ध झालें.

तिसरी ही, कीं रूळ जमिनीवरूनच जातो, आणि ती जमीन बहुधा गरिबाची असते. गोव्यांत दुहेरी मार्गास लोकांनीं रात्र रात्र रुळावर बसून विरोध केला, कारण घराच्या भिंतीलगत कोळशाची गाडी जाणार आणि पदरांत धुळीखेरीज कांहीं पडणार नाहीं, असें त्यांना दिसलें. त्यांस अडाणी म्हणणें सोपें आहे. ज्याच्या जमिनीवरून गाडी जाते, त्याचा माल तिच्यांत नसेल, तर त्यानें ती कां जाऊं द्यावी?

म्हणून आमचें म्हणणें असें आहे. मार्ग हवा, पण तो कोणासाठीं, हें आधींच लिहून घ्यावें. शाहू महाराजांनीं रुळाशेजारीं पेठ बसविली, त्याप्रमाणें या मार्गावर प्रत्येक मोठ्या स्टेशनाशीं मालधक्का आणि शीतगृह हवें, आणि तें एखाद्या कंपनीच्या नव्हे, बाजार समितीच्या किंवा सहकारी संघाच्या ताब्यांत हवें. प्रत्येक गाडींत ठराविक वाघिणी थोड्या मालवाल्यांसाठीं राखून ठेवाव्या. जमीन गेलेल्या घरास मोबदला तर मिळावाच, शिवाय स्टेशनावरच्या कामांत पहिला हक्क मिळावा. आणि खालून येणारी गाडी रिकामी येऊं नये: भट्टीचा कच्चा माल, कोंकणचा नारळ, आंबा, मासळी तिनें वर आणावी, म्हणजे कोंकणच्या कुळवाड्यासहि ती आपली वाटेल. घाटावरचा आणि घाटाखालचा शेतकरी एकमेकांचे शत्रू नाहींत. एकाच गाडीचे दोन बैल आहेत.

यांत आमच्या माणसांचेंहि कर्तव्य आहे. साखर कारखाने सहकारी, दूधसंघ सहकारी, सूतगिरण्या सहकारी, असें आम्ही अभिमानानें सांगतों. मग हे सारे एके ठिकाणीं बसून वर्षाला एवढ्या गाड्या माल आम्ही या मार्गास देऊं, असा एक सहीशिक्क्याचा कागद सरकारपुढें कां ठेवीत नाहींत? मार्गावर पुरेसा माल मिळणार नाहीं, हा सरकारचा नेहमींचा आक्षेप त्या एका कागदानें गळून पडेल. एकट्या शेतकऱ्यास सबंध गाडी भरतां येत नाहीं. शंभर गांवांस येते. चेअरमन मंडळींस मोटारींचे ठेके आपल्याच पाहुण्यांकडे राहावे असें वाटत असेल, तर मात्र हा कागद कधींच लिहिला जाणार नाहीं. सभासदांनीं येत्या वार्षिक सभेंत उभें राहून एवढाच प्रश्न विचारावा, कीं आमच्या मालाच्या वाहतुकीवर गेल्या सालीं किती खर्च झाला आणि तो कोणास मिळाला. उत्तर मिळालें तर तें गांवच्या चावडींत वाचून दाखवावें. मिळालें नाहीं, तर पुढच्या सभेंत पुन्हां विचारावा.