व्यवहारविचार : नुकसान किती आणि भरपाई किती?

आमचे ज्येष्ठ बंधू कै. दादा यांनी बत्तीस वर्षे खपून केलेल्या अष्टाध्यायीवरील टिपणांचे बाड गतवर्षी हरवले. साताऱ्याहून पुण्यास छापखान्याकडे पाठविण्यासाठी ते आम्ही स्वहस्ते एका कुरियरवाल्याच्या खिडकीवर दिले. ते पुण्यास पोचलेच नाही. ह्या गोष्टीचा उल्लेख ह्या सदरात करावा की न करावा, याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत होतो. घरचे दुःख चारचौघांत मांडणे आमच्या प्रकृतीस मानवत नाही. परंतु त्या निमित्ताने कायद्याच्या एका अंगाची ओळख आम्हांस उतारवयात झाली, आणि ती कोणत्याही कुटुंबास उपयोगी पडण्याजोगी वाटल्यावरून संकोच बाजूस ठेवून लिहीत आहो.

बाड गेल्याचे निश्चित झाल्यावर आमच्या पुतण्याने रागाच्या भरात एका कागदावर हिशेब मांडला. वडिलांचे बत्तीस वर्षांचे श्रम, ग्रंथ छापून निघता तर मिळाले असते ते मानधन, एखाद्या संस्थेने दिले असते ते पारितोषिक, आईस झालेला मनस्ताप, अशा एकेका सदराखाली रक्कम लिहीत एकूण आकडा वीस लक्षांवर गेला. तो कागद घेऊन आम्ही उभयता आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. हा गृहस्थ शाळेत असता शब्द चालविताना नेहमी अडखळे. आज त्याची वकिली उत्तम चालते. त्याने कागद शांतपणे वाचला, बाजूस ठेविला, आणि पुतण्यास काही न विचारता आम्हांस विचारले, "गुरुजी, पाकीट देताना खिडकीवर आपण काय सांगितलेत?"

आम्ही काय सांगितले होते ते आम्हांस पुरतेपणी आठवत होते. तेथील मुलाने "आत काय आहे?" म्हणून विचारले, तेव्हा "जुने कागद आहेत" एवढेच उत्तर आम्ही दिले होते. किमतीची जागा कोरी सोडली होती. त्यात थोडा संकोच होता, थोडी घाई होती, आणि खरे सांगावयाचे तर किंमत लिहिली की जास्त आकार पडेल ही काटकसरही होती.

"मग दाव्याचा अर्धा जीव तेथेच गेला," तो म्हणाला.

पुतण्यास हे ऐकून संताप आला, व तो साहजिक होता. चूक कुरियरवाल्याची, आणि विचारणा मात्र काकांची! परंतु वकिलाने जे समजावून सांगितले त्याचे सार असे की, प्रत्येक दाव्यात दोन प्रश्न असतात. वचन मोडले काय, हा पहिला. मोडले असल्यास किती रुपये द्यावे, हा दुसरा. सामान्य माणूस आपली सारी शक्ती पहिल्यावर खर्च करतो, आणि तो जिंकला की सर्व जिंकले असे समजतो. वस्तुतः पुष्कळ दाव्यांची खरी लढाई दुसऱ्या प्रश्नावर होते.

भरपाईचा हेतू अपराध्यास शासन करणे हा नव्हे. वचन पाळले गेले असते तर वादी ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत त्यास पैशाने शक्य तितके आणून बसविणे, एवढाच तो हेतू. हे ऐकावयास सोपे. अडचण पुढे येते. एका चुकीतून दुसरे नुकसान, दुसऱ्यातून तिसरे, अशी परंपरा लागते. तार्किकांचा वीचितरंगन्याय वाचकांस ठाऊक आहेच. पाण्यात खडा टाकणाऱ्यास कितव्या तरंगापर्यंत जबाबदार धरावयाचे?

ह्या प्रश्नाचे जे उत्तर आज आपल्याकडे चालते, ते एका इंग्रज गिरणीच्या मोडक्या दांड्यातून निघाले. ग्लॉस्टर गावी हॅडली नामक गिरणीवाल्यांची वाफेवर चालणारी पिठाची गिरणी होती. १८५३ साली तिच्या यंत्राचा मुख्य दांडा मोडला. नवा दांडा ग्रीनिच येथे घडवावयाचा, तर नमुन्यादाखल जुना तेथे पोचणे अवश्य होते. तो एका प्रसिद्ध वाहतूकदार पेढीच्या स्वाधीन करण्यात आला. पेढीच्या हयगयीने त्यास विलंब झाला, आणि तितके अधिक दिवस गिरणी बंद राहिली. मालकांनी बुडालेल्या नफ्याबद्दल ३०० पौंड मागितले. पेढीने २५ पौंड न्यायालयात भरून हेच पुरे म्हटले. ज्यूरीने त्यावर आणखी २५ देवविले. प्रकरण वरच्या न्यायासनापुढे गेले, आणि १८५४ साली न्यायमूर्ती ऑल्डर्सन यांनी जो निर्णय दिला, तो आज पावणेदोनशे वर्षे होत आली तरी कायद्याच्या विद्यार्थ्यांस पाठ करावा लागतो.

त्यांनी म्हटले ते असे. वचनभंगातून सामान्यतः, वस्तुस्वभावानेच जे नुकसान उद्भवते, ते द्यावे. त्यापलीकडचे विशेष नुकसान द्यावयाचे तर ते होईल याची जाणीव करार करतानाच उभय पक्षांस असली पाहिजे. दांडा उशिरा पोचला म्हणजे गिरणी बंदच राहील, हे वाहतूकदाराने कशावरून ओळखावे? मालकापाशी दुसरा दांडा शिलकीत असेल, किंवा यंत्राचा दुसराच एखादा भाग नादुरुस्त असेल. म्हणून नफ्याची रक्कम बाद धरून फेरतपासणीचा हुकूम झाला. यात मौजेची गोष्ट अशी की, निवाड्याच्या छापील वृत्तान्तात पेढीच्या कारकुनास गिरणी बंद असल्याचे सांगितले होते असा उल्लेख आहे, आणि न्यायमूर्ती मात्र ते सांगितलेच नव्हते असे धरून चालतात! हा विरोध कसा मिटवावा, यावर पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. आमच्या मीमांसकांस हे प्रकरण मिळते तर त्यांनी एक अधिकरणच रचले असते.

हाच नियम आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या ७३ व्या कलमात आला. त्या कलमाखालची उदाहरणे कथेसारखी वाचण्याजोगी आहेत. एका उदाहरणात गिरणीवाला यंत्र पाठविताना, ह्यावाचून आपली गिरणी बंद आहे, असे वाहतूकदारास स्पष्ट सांगतो. यंत्रास अवाजवी विलंब होतो, आणि त्यामुळे मालकाचे सरकारशी ठरलेले एक किफायतशीर कंत्राटही बुडते. अशा वेळी बंद दिवसांचा सरासरी नफा त्यास मिळतो. कंत्राटाचे नुकसान मिळत नाही, कारण कंत्राटाबद्दल वाहतूकदारास कोणी काही सांगितले नव्हते. दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. ठरल्या दिवशी देणे असलेले पैसे एकाने दिले नाहीत, त्यामुळे दुसऱ्यास स्वतःचे कर्ज फेडता आले नाही आणि त्याचे सर्वस्व बुडाले. तरीही पहिल्याने द्यावयाचे ते मुद्दल आणि व्याज, अधिक काही नाही.

मद्रास उच्च न्यायालयाच्या १८९८ च्या निर्णयसंग्रहातील एका शिंप्याची हकीकत आम्हांस विशेष लागली. एका गावी उत्सव भरावयाचा होता. तेथे दोन पैसे अधिक मिळतील ह्या आशेने त्याने आपले शिवणयंत्र व कापड रेल्वेने पुढे पाठविले आणि आपण मागाहून गेला. रेल्वेच्या चुकीने सामान त्याच्या हाती पडले तेव्हा उत्सव आटोपला होता. त्यास बुडालेला नफा मिळाला नाही, आणि जाण्यायेण्याचा खर्चही मिळाला नाही. सामान कोणत्या कारणासाठी चालले आहे, हे त्याने रेल्वेस कळविलेच नव्हते. त्या गरीब कारागिराचे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हालत नाही. शिवणयंत्र म्हणजे त्याचे पोट. ते त्याने लिहून देण्याची गरज होती काय? परंतु कायद्याची बाजूही अगदीच निर्दय नव्हे. चार आण्यांच्या हमालीत लाखाची जोखीम कोणी न सांगता लादू लागला, तर दुसऱ्या दिवशी ओझे उचलावयास कोण येईल? जोखीम सांगितली तर दुसरा पक्ष अधिक आकार मागेल, अधिक काळजी घेईल, अथवा सरळ नाही म्हणेल. न सांगणाऱ्याने त्यास ही संधीच दिलेली नसते.

आमच्या स्मृतिकारांनी हा विषय निराळ्या रीतीने सोडविला. राजाच्या अथवा दैवाच्या कोपावाचून माल गेला तर तो वाहकाकडून भरून घ्यावा, आणि ऐन प्रस्थानसमयी अडवणूक करणाऱ्यास दुप्पट मजुरी द्यावयास लावावी, असे याज्ञवल्क्य सांगतात. पुढचे तरंग मोजण्याच्या भानगडीत न पडता मजुरीवरूनच आकडा ठरविला. दामदुपटीच्या नियमाची जातही हीच: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ द्यावयाचे नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हा नियम इंग्रजी अमलातही चालू ठेविला होता. मर्यादा घालावी, ही बुद्धी आपणांस परकी नव्हे.

मनस्तापाच्या सदराविषयीही वकिलाने सांगितले. १८७५ सालच्या एका इंग्रजी निवाड्यात नवरा, बायको आणि दोन मुले अशा कुटुंबास रेल्वेने रात्री भलत्याच स्टेशनावर उतरविले. पावसातून चार-पाच मैल पायी जावे लागले, आणि बायको आजारी पडली. पायपिटीबद्दल ८ पौंड मिळाले. आजारपणाचे २० पौंड दूरचे नुकसान म्हणून नाकारण्यात आले. कराराच्या दाव्यात मनाचे दुःख सामान्यतः मोजत नाहीत. आपल्याकडे ग्राहक आयोग त्याबद्दल काही रक्कम देतात, परंतु ती बेताची असते. मोटार-अपघातात पती गेल्यास पत्नीच्या सहवासहानीबद्दल ४०,००० रुपये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवून दिले, आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ करावी असे सांगितले. ही माहिती आम्ही घरी वहिनींस सांगितली नाही.

त्यानंतर वकिलाने आमच्या पावतीची मागील बाजू उघडून दाखविली. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत तेथे जबाबदारीची मर्यादा छापलेली होती, आणि खाली आमची सही होती. विणकामाचे कपडे जर्मनीस पाठविणाऱ्या एका कंपनीची कागदपत्रे अशीच वाटेत गेली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरांची मर्यादा होती, आणि १९९६ साली न्यायालयाने तीच कायम केली. येथे आमचा मतभेद आहे, तो नमूद करून ठेवतो. गिरणीवाला आणि वाहतूकदार बरोबरीने बोलू शकत होते. खिडकीपाशी रांगेत उभा असलेला म्हातारा कुरियर कंपनीशी अटींची घासाघीस करू शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पना नव्याने आली आहे, त्या वाटेने काही निघेल असे वाटते. परंतु किमतीची जागा भरण्याची सोय आम्हांस होती, हेही आम्ही विसरू शकत नाही.

याउलट, पावतीवर लिहिले म्हणजे ते सर्वच चालते असेही नाही. दिल्लीतील एका बंगल्याचा सौदा १,१२,५०० रुपयांस ठरला होता. खरेदीदाराने २५,००० दिले, व पुढे सौदा फिसकटला. करारात सर्व रक्कम जप्त करण्याची अट असूनही, १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने इसाऱ्याचे १,००० रुपये तेवढे विकणाऱ्यास ठेवू दिले. बाकीच्या २४,००० पुरते नुकसान झाल्याचे त्याने दाखविले नव्हते. घर घेणाऱ्या तरुण मंडळींनी हा निवाडा ध्यानात ठेवावा.

आम्ही उठू लागलो तेव्हा वकिलाने शेवटचा प्रश्न केला, "दुसरी प्रत आहे का? शोधलीत का?" नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाताशी होते ते केले की नाही, हेही ७३ व्या कलमाप्रमाणे पाहिले जाते. लग्नाच्या आदल्या दिवशी आचारी पळाला तर दुसरा आणावा आणि वाढीव मजुरी मागावी. पंगत उपाशी उठवून सगळ्या लग्नाचा खर्च मागू नये. पुतण्या म्हणाला, "प्रत कसली! बाबांनी एकच लिहिली होती."

दावा आम्ही केला नाही. कंपनीने पाकिटाचा आकार परत केला आणि पावतीवरची रक्कम दिली. ती पुतण्याने रागाने पेटीच्या तळाशी टाकून दिली आहे. मात्र तो शेवटचा प्रश्न आम्ही घरी जेवताना सहज बोलून दाखविला, तेव्हा वाढता वाढता वहिनी थांबल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यांचं पहिलं लिखाण सगळं पाठकोऱ्या कागदांवर असायचं. ते मी टाकलेलं नाही. मागच्या बाजूला माझा दुधाचा हिशेब आहे."

माळ्यावरून ट्रंक काढली. एका बाजूस दादांची बारीक अक्षरांतील टिपणे, दुसऱ्या बाजूस सकाळचे दूध, संध्याकाळचे दूध आणि खाडे. काही कागद कसरीने खाल्ले आहेत, काहींचा अनुक्रम लागत नाही. परंतु दुधाच्या तारखांवरून टिपणांचा काळ बिनचूक ठरतो. रोज दुपारी वहिनी तारीख वाचतात, आणि आम्ही कागद उलटून सूत्र वाचतो. तिसऱ्या अध्यायापर्यंत आलो आहो. पहिल्या दोहोंची नक्कल तयार झाली असून ती घेऊन पुढील सोमवारी आम्ही स्वतः एस.टी.ने पुण्यास जाणार आहो.